फेसाळणाऱ्या औषधाचे इंजिन

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की फेस येतो. रक्तातले कॅटालेज हे विकर त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करते; फेस त्या ऑक्सिजनचा. (नव्या पेशींनाही त्याने इजा होते, म्हणून रोजच्या ड्रेसिंगला ते आता फारसे वापरत नाहीत.) दवाखान्यातले द्रावण 3 ते 6 टक्क्यांचे असते. जर्मन अभियंता हेल्मुट वाल्टर यांचे सारे काम 80 टक्क्यांच्या द्रावणावर उभे राहिले.

वाल्टर यांचा जन्म 1900 साली हाम्बुर्गजवळच्या वेडेलचा. 1935 मध्ये त्यांनी कील येथे कंपनी काढली. बाहेरच्या हवेवाचून चालणारे पाणबुडीचे इंजिन त्यांना हवे होते. पुढे तेच रसायन त्यांनी नाझी वायुदलाच्या रॉकेट विमानांत घातले.

त्यांचे पहिले रॉकेट इंजिन ‘थंड’ होते. पेरॉक्साइडमध्ये परमँगनेट मिसळले की काहीशे अंश तापलेली वाफ जोराने बाहेर पडे. आत काही जळत नसल्याने रचना सोपी आणि धातूवर ताण कमी. पण जोर बेताचा, शिवाय परमँगनेटचा गाळ तोट्यांत अडके. याच पद्धतीच्या इंजिनावर 1941 मध्ये मेसरश्मिट 163 च्या नमुना विमानाने ताशी 1000 किलोमीटरचा वेग ओलांडला. लढाऊ विमानाला मात्र ते पुरेसे नव्हते.

मग ‘गरम’ इंजिन आले. सुटलेल्या ऑक्सिजनमध्ये मिथेनॉल आणि हायड्रॅझिन जाळायचे. जोर सुमारे 750 किलोवरून 1700 किलोपर्यंत गेला. पण ही दोन द्रवे एकमेकांना नुसती लागली तरी पेट घेत, म्हणून भरणाही वेगवेगळा करावा लागे. एवढे करून पूर्ण जोरावर इंधन पुरे सात-आठ मिनिटे. त्यात पेरॉक्साइडच्या दोन टाक्या वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना! इतके तीव्र द्रावण कातडी खोलवर भाजते, सुती कपडा पेटवते. वैमानिकांना खास कृत्रिम धाग्याचे पोशाख दिले, पण उतरताना विमान आदळून टाकी फुटली तर पोशाख पुरत नसे.

युद्धानंतर ब्रिटिशांनी वाल्टर यांना इंग्लंडला नेले. तिथल्या अभियंत्यांनी पुढे परमँगनेटऐवजी चांदीचा मुलामा दिलेली जाळी वापरली. गाळाचा प्रश्न मिटला. 85 टक्के पेरॉक्साइड आणि केरोसीनवर चालणाऱ्या त्यांच्या ‘ब्लॅक ॲरो’ रॉकेटने 1971 मध्ये उपग्रह कक्षेत सोडला. वाल्टर तोवर अमेरिकेत स्थायिक झाले होते. 1980 मध्ये न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले.