वर्तुळ, लंबवर्तुळ आणि पावलॉव्ह

इव्हान पावलॉव्ह म्हटलं की घंटा आणि लाळ गाळणारा कुत्रा आठवतो. प्रत्यक्षात त्यांच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोम, बझर, दिवे असं बरंच काही वापरलं जाई. घंटेला उगाच जास्त मान मिळाला.

रशियातल्या रियाझान इथे १८४९ साली धर्मगुरूच्या घरी त्यांचा जन्म झाला. धर्मशिक्षण अर्धवट सोडून १८७० मध्ये ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात दाखल झाले. १९०४ चं नोबेल त्यांना पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं. पण त्यांचं खरं कुतूहल दुसरीकडे वळलं होतं: अन्न तोंडात पडण्याआधीच, नुसत्या खुणेनं लाळ सुटते कशी?

त्याहून अवघड प्रश्न होता तो दोन सारख्या खुणांमधला फरक शिकण्याचा. त्यांच्या सहकारी शेंगर-क्रेस्तोव्निकोव्हा यांनी एका कुत्र्याला पडद्यावर वर्तुळ दाखवून खाणं दिलं, लंबवर्तुळ दाखवून काहीच दिलं नाही. सुरुवातीला कुत्रा दोन्हींना लाळ गाळतो. खाणं न मिळण्याचा अनुभव पुन्हा पुन्हा आला, की लंबवर्तुळाला लाळ थांबते. मग लंबवर्तुळ हळूहळू गोल करत नेलं. अक्षांचं प्रमाण २:१ वरून ९:८ वर आलं आणि गाडी अडली. तीन आठवडे सराव होऊनही फरक जमेना, उलट बिघडतच गेला. एरवी शांत असणारा तो कुत्रा किंचाळू लागला, उपकरणाच्या नळ्या चावू लागला. सुरुवातीचा सोपा फरकही तो विसरला. तो पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागला.

पावलॉव्हना यात माणसाच्या मनोविकारांची किल्ली दिसली. त्यांची मेंदूविषयीची सगळी गणितं पुढे टिकली नाहीत, पण हा प्रश्न टिकला. माणसांवरच्या अलीकडच्या प्रयोगांत एका आकाराच्या वर्तुळानंतर सौम्य विजेचा झटका देतात, दुसऱ्यानंतर देत नाहीत. बहुतेकांना धोक्याचं वर्तुळ कोणतं आणि सुरक्षित कोणतं हे लवकर उमगतं. पॅनिक डिसऑर्डरच्या रुग्णांची भीती मात्र धोक्याच्या वर्तुळाशी मिळत्याजुळत्या वर्तुळांवरही पसरते.

उतारवयात पावलॉव्ह मनोरुग्णालयांत जाऊन रुग्ण पाहू लागले. प्रयोगशाळेत बिघडलेल्या कुत्र्यांना ते ब्रोमाइड देत. मात्रा प्रत्येक कुत्र्याच्या प्रकृतीनुसार ठरवावी लागे, हेही त्यांनी दाखवलं. आपल्याकडच्या औषधचिठ्ठ्या लिहितानाही हे आठवायला हरकत नाही. फेब्रुवारी १९३६ मध्ये न्यूमोनियानं त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते आणि प्रयोग सुरूच होते.