रानाचा चित्रकार शिश्किन

माझे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. तरी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी चार ओळी लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझे माहेर वेल्ह्याचे. लहानपणी वह्यांना कव्हरे घालायला रशियन मासिकांची गुळगुळीत पाने मिळत. त्यांतले एक पान वडिलांनी भिंतीवर डकविले होते. दाट रान, सकाळचे धुके, मोडून पडलेल्या झाडावर खेळणारी अस्वलाची तीन पिल्ले आणि जवळ त्यांची आई. ते रान मला तोरण्याखालचेच वाटे. भोरला सासरी आल्यावरही ते चित्र मनातून गेले नाही. परवा मुलीने मोबाईलवर शोधून त्याची सारी हकीकत मला वाचून दाखविली.

चित्रकाराचे नाव इव्हान शिश्किन. १८३२ साली रशियातील येलाबुगा या कामा नदीकाठच्या गावी, एका व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. काझानची शाळा त्यांनी अर्धवट सोडली. पण चित्रकलेचे शिक्षण मॉस्को आणि पीटर्सबर्ग येथे मन लावून पुरे केले. १८६० साली त्यांना सुवर्णपदक मिळाले. रानात बसून ते झाडाची साल, पान, मुळी इतकी बारकाईने काढीत की झाड कोणते ते पाहताक्षणी ओळखावे.

संसारात मात्र सुख थोडे. पहिली पत्नी १८७४ साली वारली, मुलगेही गेले. दुसरी पत्नी ओल्गा स्वतः चित्रकार होती. १८८१ साली मुलीच्या जन्मानंतर दीड महिन्यातच तीही गेली. त्या तान्ह्या मुलीला ओल्गाच्या बहिणीने, व्हिक्टोरियाने, आईच्या मायेने वाढविले. घर असे सावरले गेले म्हणूनच शिश्किन यांचा कुंचला चालू राहिला, असे मला वाटते.

अस्वलांचे ते चित्र १८८९ सालचे. रान शिश्किन यांचे. पण अस्वले काढली त्यांचे मित्र कॉन्स्टंटिन सवित्स्की यांनी. चित्रावर दोघांच्या सह्या होत्या. ते विकत घेणाऱ्या ट्रेट्याकोव्ह यांनी सवित्स्की यांची सही पुसून टाकली. आज मॉस्कोच्या ट्रेट्याकोव्ह संग्रहालयात ते एकट्या शिश्किन यांच्या नावे आहे. रशियात पुढे चॉकलेटच्या कागदावरही हीच अस्वले आली. लेकरे कागद जपून ठेवतात ती अस्वलांसाठी. काढणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक असते?

१८९८ साली नवे चित्र काढता काढता, चित्रफलकासमोरच शिश्किन यांनी देह ठेवला. माणूस थोर, यात शंका नाही. पण हकीकत ऐकल्यापासून मला ती पुसलेली सही राहून राहून आठवते. आपल्याकडेही हळदीकुंकवाचे पाहुणे ज्यांच्या नावाने येतात त्यांचे नाव छापले जाते. पहाटे उठून पुरण वाटणारीचे राहून जाते.

म्हणून संपादिकाबाईंना एक विनंती. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर स्वयंपाकघरात राबलेल्या, सतरंज्या उचललेल्या साऱ्या भगिनींची नावे छापावीत. जागा कमी पडली तर माझा लेख थोडा कापावा, माझी हरकत नाही.