भगवानबाबा

संत भगवानबाबा (मूळ नाव : आबाजी तुबाजी सानप, जन्म : २९ जुलै १८९६, मृत्यू : १८ जानेवारी १९६५) हे वारकरी संप्रदायातील कीर्तनकार आणि भगवानगडाचे संस्थापक होते. त्यांचा जन्म बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यातील सावरगाव घाट या गावी शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव तुबाजी आणि आईचे नाव कौतिकाबाई होते.

== पार्श्वभूमी ==
बालाघाटाच्या डोंगररांगांतील अनेक उंचवटे सिद्धपुरुषांच्या वास्तव्याने पवित्र मानले जातात. अशा स्थानांना या भागात ‘गड’ म्हणतात. त्यांचा लष्करी किल्ल्यांशी संबंध नाही. पाटोदा तालुक्यातील गहिनीनाथगड आणि बीडजवळील नारायणगड ही त्यांपैकी प्रमुख स्थाने होत.

== शिक्षण व नारायणगड ==
लहान वयातच आबाजींनी नारायणगडाचे महंत माणिकबाबा यांचे शिष्यत्व पत्करले. पुढे आळंदी येथे जोग महाराजांचे शिष्य बंकटस्वामी यांच्याकडे त्यांनी संतवाङ्मयाचे अध्ययन केले. नारायणगडावर परतल्यावर त्यांनी नारळी सप्ताहाची परंपरा सुरू केली. गावोगावी होणाऱ्या या सप्ताहांतून त्यांनी पशुबळी आणि व्यसने सोडण्याचा उपदेश केला.

== भगवानगड ==
माणिकबाबांच्या पश्चात मतभेद निर्माण झाले आणि भगवानबाबांना नारायणगड सोडावा लागला. त्यानंतर ते हिमालयाकडे निघाले असता भक्तांनी त्यांना थांबविले, असे भक्तपरंपरेत सांगितले जाते. बीड जिल्ह्याच्या सीमेलगत, पाथर्डी तालुक्यातील खरवंडीजवळचा धौम्यगड हे त्यांचे नवे कार्यस्थान ठरले. पांडवांचे पुरोहित धौम्य ऋषी यांच्या वास्तव्याची आख्यायिका या डोंगराशी जोडलेली आहे. लोकवर्गणी आणि श्रमदान यांतून तेथे विठ्ठलाचे मंदिर उभे राहिले. १ मे १९५८ रोजी मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत या स्थानाचे ‘भगवानगड’ असे नामकरण झाले.

डोंगराळ, अवर्षणग्रस्त भागातील मुलांना शिक्षण मिळावे यासाठी भगवानबाबांनी गडावर विद्यालय आणि वसतिगृहाची सोय केली. त्यामुळे भगवानगड हे उपासनेबरोबरच शिक्षणाचेही केंद्र बनले.

== वारसा ==
भगवानबाबांची समाधी भगवानगडावर आहे. त्यांच्यानंतर भीमसिंह महाराज गडाचे महंत झाले. वंजारी समाजासह मराठवाडा व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील विविध समाजांत त्यांचे अनुयायी आहेत. जन्मगावी, सावरगाव घाट येथे, त्यांचे स्मारक उभारण्यात आले असून २०१७ पासून तेथे दसरा मेळावा भरतो.