रोज नवं गाव, रोज परकं अंगण : विनोबांची तेरा वर्षांची पायपीट

बालाघाट : आज इथून वर्ध्याजवळच्या पवनारला जायचं तर गोंदियाकडून महाराष्ट्रात शिरावं लागतं. १९५१ साली मध्ये राज्याची सीमाच नव्हती. बालाघाट, भंडारा, नागपूर, वर्धा सगळे एकाच मध्य प्रदेशात, आणि राजधानी नागपूर. त्या वर्षी १२ सप्टेंबरला, वयाला ५६ वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, विनोबा भावे पवनारहून पायी दिल्लीला निघाले. नेहरूंनी चर्चेसाठी बोलावलं होतं. येतो, पण चालत येतो, असं त्यांनी कळवलं होतं.

आश्रमात तेव्हा कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाशिवाय जगण्याचा प्रयोग चालू होता. त्यामुळे वाटेत सगळी भिस्त गावकऱ्यांवर. पहाटे तीनच्या सुमारास उठायचं, पुढे एक जण कंदील धरून, मागे विनोबा आणि त्यांची माणसं. दहाबारा मैलांवर पुढचं गाव आलं की शाळा, धर्मशाळा नाहीतर कुणाचं घर, जे मिळेल तिथे मुक्काम. पोटाच्या दुखण्यामुळे त्यांचा स्वतःचा आहार दूध-दह्यावरच. पण सोबतच्यांना जेवू कोण घालणार? ते गाव. आदल्या दिवशीपर्यंत ज्यांनी यांना पाहिलंही नव्हतं, असं गाव. असे ६२ दिवस काढून ते दिल्लीला पोचले.

दुसऱ्याच्या दारात उभं राहायची ही सवय जुनी होती. विनायक नरहर भावे हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म ११ सप्टेंबर १८९५, कोकणातल्या पेणजवळ गागोद्याचा. वडिलांच्या नोकरीमुळे पुढे बडोद्याला वाढले. आई रुक्मिणीबाई दारी आलेल्याला रिकामी पाठवत नसे. एकदा धडधाकट भिकाऱ्याला तिने भिक्षा घातली, तेव्हा अशानं आळस वाढतो असा वाद विनोबांनी घातला. दारी आलेला पात्र की अपात्र हे ठरवणारे आपण कोण, असा तिचा उलट सवाल. त्याला मुलाकडे उत्तर नव्हतं, आणि हे ते म्हातारपणीही सांगत.

१९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईची गाडी धरली आणि सुरतला उतरून थेट काशी गाठली. तिथे अन्नछत्रात एक वेळचं जेवण आणि वर दोन पैसे दक्षिणा. त्यावर दिवस काढले. जूनमध्ये अहमदाबादला गांधीजींकडे गेले. मग वर्षभराची रजा काढून वाईला शास्त्राभ्यास केला आणि महाराष्ट्रात सुमारे चारशे मैल पायी हिंडले. गावोगाव गीता सांगायची, मिळेल ते खायचं. पुढचे आश्रम, सत्याग्रह, तुरुंग सगळ्यांना ठाऊक आहेत. फक्त एक आपल्या शेजारचं : १९४४ मध्ये ते आपल्या लगतच्या सिवनीच्या तुरुंगात होते, आणि स्थितप्रज्ञावरची त्यांची व्याख्याने तिथलीच.

आता मूळ गोष्ट. १८ एप्रिल १९५१. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा आणि पोलीस कारवाई, दोन्ही चालू. लोक भेदरलेले. पोचमपल्ली गावात चाळीस दलित कुटुंबांनी विनोबांना ऐंशी एकर मागितली : चाळीस ओलिताची, चाळीस कोरडवाहू. विनोबांजवळ कुठली जमीन? सरकारला कळवून बघू, हा त्यांचा पहिला विचार. मग जमलेल्या लोकांनाच विचारलं, तुमच्यापैकी कुणी देतं का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. मागणीपेक्षा वीस एकर जास्त! त्या रात्री विनोबांना नीट झोप आली नाही असं सांगतात. पुढच्या गावी त्यांनी स्वतःच हात पसरला.

आपल्या भागातल्या वाचकाला यात एक गंमत दिसेल. ३१ मार्च १९५१ ला, म्हणजे जेमतेम अठरा दिवस आधी, या मध्य प्रदेशात कायद्याने मालगुजारी संपली होती. ज्या महिन्यात इकडे माळगुजारांची गावं सरकारजमा होत होती, त्याच महिन्यात तिकडे एक जमीनदार न मागता जास्तीची जमीन देत होता. कायदा मोठा की मनाचा मोठेपणा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. माझ्या मते नुसत्या एकावर काम भागलं नाही.

कारण दान देणारे सगळेच रेड्डी नव्हते. दिल्लीच्या वाटेवर २ ऑक्टोबरला सागरला विनोबांनी देशाकडे पाच कोटी एकर मागितली. पुढे एकट्या बिहारमध्ये बावीस लाख एकरांच्या आसपास दानपत्रं झाली. त्यात खडकाळ जमीन होती, वादातली होती, नुसती कागदावरचीही होती. मोठा भाग शेवटपर्यंत वाटलाच गेला नाही. उलट ज्यांच्याकडे चार-दोन एकर, त्यांनी त्यातला तुकडा काढून दिला. एक अंध माणूस तर रात्री उशिरा मुक्काम शोधत आला आणि आपली जमीन लिहून देऊन गेला.

सगळीकडे आदरातिथ्यच झालं असंही नाही. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारात चांडिलला मलेरियाने ते मरता मरता वाचले. १९५३ मध्ये देवघरला दलितांना घेऊन वैद्यनाथाच्या दर्शनाला गेले, तर पंड्यांनी काठ्या चालवल्या. विनोबांच्या कानाला मार बसला. पाच वर्षांनी पंढरपुरात उलट घडलं. मुसलमान आणि ख्रिस्ती सोबत्यांसह ते विठ्ठलाच्या गाभाऱ्यापर्यंत गेले, ते देवळातल्या मंडळींच्याच निमंत्रणावरून. विनोबांच्या डोळ्यांना तिथे धार लागली.

१९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात वीस बागींनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. १९६२ च्या सप्टेंबरात ते सोळा दिवस पूर्व पाकिस्तानातून चालले. देश परका, राज्य परकं, तरी तिथल्या मुसलमान शेतकऱ्यांनीही जमीन दिली. १९६३ च्या अखेरीस रायपूरचं सर्वोदय संमेलन आटोपून ते पवनारकडे वळले आणि १० एप्रिल १९६४ ला आश्रमात पोचले. निघाले होते छप्पन्नाव्या वर्षी, परतले ते सत्तरीच्या उंबरठ्यावर.

१५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारलाच, अन्नपाणी सोडून, त्यांनी देह ठेवला.

या सगळ्या दानाला कायद्याचा आधार हवा म्हणून नागपूरच्या विधानसभेने मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम, १९५३ केला. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. भंडारा, नागपूर, वर्धा मुंबई राज्यात गेले आणि १९६० ला महाराष्ट्रात आले. पण विदर्भातल्या भूदानाच्या जमिनींना कायदा तोच लागू राहिला. वैनगंगेच्या खालच्या अंगाला, महाराष्ट्रात, एखाद्या भूमिहीनाच्या नातवाला बांधीच्या हक्कासाठी कोर्टात उभं राहावं लागलं, तर त्याचा वकील ज्या कायद्यावर बोट ठेवतो त्याच्या नावात मध्य प्रदेश असतो.