कमलाबाईंची प्रतीक्षा

विज्ञानक्षेत्रातील स्त्रीची कथा आपल्याकडे बहुधा प्रवेशद्वारापाशीच सांगून संपविली जाते. दार बंद होते, तिने ते ठोठावले, ते उघडले आणि सर्वत्र आनंदीआनंद झाला. डॉ. कमला सोहोनी यांचे चरित्रही असेच सांगण्याचा प्रघात पडला आहे. दार उघडल्यानंतरची त्यांची तीन तपांची वाटचाल मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

कमलाबाई मूळच्या भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेच्या आरंभीच्या पदवीधरांपैकी होते. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून १९३३ साली कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. कारण एकच : अर्जदार स्त्री होती. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. कमलाबाई थेट बंगलोरला जाऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या व हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीही, काम करावयाचे. आणि पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. चित्त त्यांचे, उत्तरदायित्व मात्र हिचे! वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि पुढे अन्य मुलींनाही तेथे वाट मिळाली, हे रामन यांच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे होईल.

दूध व डाळी यांतील प्रथिनांवर संशोधन करून १९३६ साली त्यांनी पदव्युत्तर पदवी संपादन केली आणि नंतर केंब्रिज गाठले. तेथे बटाट्यावर प्रयोग करीत असता, पेशींच्या श्वसनक्रियेत कार्य करणारे ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, असे त्यांना आढळून आले. अवघ्या चाळीस पृष्ठांचा प्रबंध लिहून त्यांनी १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. विज्ञानातील हा मान मिळविणाऱ्या आरंभीच्या भारतीय महिलांपैकी त्या एक होत.

परदेशी मोठे स्थान मिळविणे त्यांना अशक्य नव्हते. त्या स्वदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषणसंशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ मधील विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा क्रम राहिला. मुंबईत त्यांनी हाती घेतलेला विषय आपल्या किनाऱ्याला जवळचा आहे. माडाचा सूर पहाटे उतरविला तर गोड आणि ऊन चढले की आंबतो, हे आपला रेंदेर पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. ताड-माडाच्या या न आंबलेल्या रसात, म्हणजे नीरेत, पोषणद्रव्ये किती आहेत व गरिबांच्या मुलांना तिचा काय लाभ होतो, याचा शोध कमलाबाईंनी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून घेतला. त्या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले.

आणि तरीही त्याच विज्ञान संस्थेचे संचालकपद, अधिकार असूनही, अंतर्गत राजकारणापायी त्यांच्यापासून सुमारे चार वर्षे दूर ठेवण्यात आले. बंगलोरची अडवणूक निदान उघड होती. कारण तोंडावर सांगितले गेले, म्हणून त्यावर वाद घालता आला. मुंबईत कोणी दार लावले नव्हते. केवळ विलंब होत राहिला, आणि विलंबासमोर सत्याग्रह तरी कोणी कसा करावा? आम्हांस ही दुसरी अडवणूक अधिक क्रूर वाटते, कारण तिला चेहरा नसतो. ती एकट्या कमलाबाईंच्या वाट्याला आली असेही नव्हे. १९४२ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला पहिली महिला महासंचालक लाभावयास २०२२ साल उजाडावे लागले.

संचालकपद भूषवून झाल्यावरही कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकहिताच्या चळवळीत त्या मुंबईत हिरिरीने वावरल्या व भेसळीसारख्या विषयांवर सामान्य वाचकांसाठी लिहीत राहिल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला तेव्हा वयाची पंचाऐंशी वर्षे त्यांनी ओलांडली होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, १९९८ साली, त्यांचे देहावसान झाले.