प्रेमाचे लक्षण आणि रमाबाई रानडे

प्रेम हा शब्द सर्वांच्या मुखी आहे. परंतु त्याचे निर्दोष लक्षण सांगू जाता विचारवंतही थबकतो. आवड म्हणावे तर अतिव्याप्ती होते, कारण आवड विषयांचीही असते. आज्ञापालन म्हणावे तरी तोच दोष, कारण भयानेही आज्ञा पाळली जाते. सहवास म्हणावे तर अव्याप्ती, कारण वियोगातही प्रेम उरते. पुण्याच्या रमाबाई रानडे यांचे चरित्र या तीनही लक्षणांची परीक्षा करणारे आहे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा वधूचे वय ११ वर्षांचे व वराचे ३१ वर्षांचे होते. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. प्रथम पत्नी निवर्तल्यावर ते विधवेशीच विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. पित्याच्या आग्रहापुढे ते नमले व निंदेस पात्र झाले. अशा विवाहाच्या आरंभी आवड कोठून असावी? एकाच्या मनात शल्य होते, दुसरीच्या ठायी अजाणपण. तथापि रानड्यांनी त्या शल्याचा भार पत्नीवर टाकला नाही. अक्षरओळख नसलेल्या त्या मुलीस त्यांनी स्वतः शिकविण्यास आरंभ केला.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस हे शिक्षण मानवले नाही. इंग्रजी तर मुळीच नाही. रमाबाईंनी बोलणी सोसली, पण पुस्तक सोडले नाही. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, तेव्हा त्यांच्या सभांस जाण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले.

पुढे कसोटीचा प्रसंग आला. १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून पुण्यात वाद माजला आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंस ते रुचले नाही. मतभेद झाला, परंतु स्नेह तुटला नाही. म्हणजे ते प्रेम केवळ आज्ञाधारकपणाही नव्हते.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस रानड्यांचे देहावसान झाले. असन्निधानात प्रेमाची खरी पारख होते. तेथे ते शोक होऊन बसते किंवा सेवा होऊन उभे राहते. रमाबाई पुण्यास परतल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. ज्यांना आधार नव्हता अशा स्त्रियांस, विधवांस, विद्या व रुग्णसेवेचे शिक्षण तेथे मिळू लागले. एकीस एकाने दिलेले अक्षर असे अनेकींच्या हाती गेले. १९१० साली त्यांनी पतीच्या सहवासाच्या आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे, तसे प्रेम त्याच्या कार्यावरून ओळखावे. ज्या स्नेहाने मनुष्य आपल्यापुरताच उरतो तो मोह होय. ज्याने तो पूर्वी नव्हता इतका परोपयोगी होतो, त्यास प्रेम म्हणण्यास प्रत्यवाय नाही.