राजा तोडरमल : जमीन मोजणीला शिस्त लावणारे दिवाण

मोगल सम्राट अकबराच्या दरबारातील नवरत्नांमध्ये गणले जाणारे राजा तोडरमल हे भारतीय महसूल व्यवस्थेचे एक प्रमुख शिल्पकार होत. उत्तर प्रदेशातील लाहरपूर हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते. प्रारंभी ते शेरशाह सूर याच्या सेवेत होते. झेलमजवळील रोहतास किल्ल्याच्या बांधकामाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यात आली होती. पुढे ते अकबराच्या सेवेत रुजू झाले. गुजरात जिंकल्यानंतर तेथील महसुलाची घडी बसविण्याचे काम त्यांच्याकडे आले.

त्या काळी शेतजमीन तागाच्या दोरीने मोजली जात असे. दोरी भिजली की आखडे आणि वाळली की सैल पडे. पहाटेच्या दवात आखडलेल्या दोरीने मोजल्यास तेच शेत कागदावर मोठे ठरे आणि शेतकऱ्यावर जादा साऱ्याचा बोजा पडे. दोरी सैल असल्यास सरकारी तिजोरीचे नुकसान होई. या दोषावर उपाय म्हणून १५७४-७५च्या सुमारास लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या काठ्यांची जरीब वापरात आली. हवामानानुसार तिची लांबी बदलत नसे. १५८६ मध्ये ४१ अंगुळांचा इलाही गज प्रमाण ठरला. साठ गज लांब आणि साठ गज रुंद, म्हणजे ३,६०० चौरस गज क्षेत्राचा एक बिघा झाला.

मोजलेल्या क्षेत्रावर सारा ठरविण्यासाठी १५८० मध्ये दहसाला पद्धत अमलात आली. ती उभारण्यात तोडरमल यांच्यासह ख्वाजा शाह मन्सूर यांचाही वाटा होता. दहा वर्षांचे उत्पन्न व बाजारभाव यांची सरासरी काढून उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा रोख रकमेत ठरविण्यात आला. सलग पिकणारी, काही काळ पडीत ठेवलेली आणि दीर्घकाळ ओसाड असलेली जमीन वेगवेगळी नोंदली गेली.

१५८२ मध्ये तोडरमल साम्राज्याचे दिवाण झाले. ८ नोव्हेंबर १५८९ रोजी लाहोर येथे त्यांचे निधन झाले. सतराव्या शतकाच्या मध्यास मुर्शीद कुली खान याने याच धर्तीवरील मोजणी दख्खनच्या मोगल सुभ्यांत लागू केली.

सारा घेणारा आणि देणारा या दोघांसाठी मोजमापाचे साधन एकच व न बदलणारे असावे, हे तत्त्व या सुधारणांनी कारभारात रुजविले. म्हणूनच चार शतकांनंतरही जमीन मोजणीच्या इतिहासात तोडरमल यांचे नाव आदराने घेतले जाते.